देवीनं आखडलेला हात

येडशीला आमच्या ओसरीवर पुतणीनं काचेच्या पेटीत वाळू भरून तीत काकवीसारखं दाट द्रावण मुरवलं. मागून सोडलेलं पातळ, निळं पाणी बोटं फुटल्यासारखं पुढं गेलं. पाच बोटं पाहून सासूबाईंनी देवीचा हात म्हणून हळदकुंकू वाहिलं. पुतणीला मात्र ती बोटंच थांबवायची होती. पाण्यानं दाट द्रावण एकसारखं पुढं ढकलायला हवं होतं; तिचा प्रबंध तिथं अडला होता. पुढच्या खेपेला तिनं पाण्यात रसायन मिसळलं. दोन्ही द्रव भेटले तिथं दाट साय धरली आणि निळाई एकसंध, सपाट सरकली. पुतणी नाचली.

“देवीनं हात आखडला की गं!” सासूबाई हळहळल्या. “तुझं औषध काढ आधी.”

“आज्जी, काढलं तर माझी पदवी जाईल.”

सासूबाईंनी डोळे मिटून तोडगा काढला. आता मंगळवारी रसायनाला उपवास असतो आणि देवी सढळ हातानं वाळूत उतरते.