घोडीच्या पोटातला आवाज

माझी आत्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. खिडकी नसलेली खोली, कानाला हेडफोन आणि दिवसभर लोकांचे आवाज. या वॉर्डातून त्या वॉर्डात फोन जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. प्रत्येक गोष्ट अर्धीच कानावर पडायची. म्हणूनच की काय, निवृत्त झाल्यावर तिला प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची खोड लागली. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा तिच्या प्रश्नांनी बेजार होऊन जायचा.

लांब पल्ल्याच्या घोडदौडीत मी दरवर्षी मदतीला जाते. त्या वर्षी पाणी भरणाऱ्यांपैकी एक जण आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून मी आत्याला गळ घातली.

"घोडा चावतो का गं?" तिने विचारलं.

"क्वचित."

"मग येते. पण चावायच्या आधी तो कसा दिसतो, ते सांगून ठेव."

आमचं काम वाटेतल्या थांब्यावर होतं. घोडे टेकडी उतरून यायचे. त्यांच्या मानेवर, पायांवर पाणी ओतून आम्ही त्यांच्या छातीची धडधड खाली आणायची. मग जनावरांच्या डॉक्टरबाई तपासणार. जनावर ठणठणीत असेल तरच पुढे जाऊ देणार, नाहीतर शर्यत तिथेच संपली. आत्याने बाह्या सरसावल्या आणि कामाला लागली. तोंड अर्थातच चालू होतं.

"घोडा दमला, हे आधी घोड्याला कळतं की वरच्या माणसाला?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

"घोड्याला. वरच्याला कळलं तरी तो मला सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुपारी चष्मेवाले आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. त्यांची तांबूस घोडी अंगभर घामेजली होती, पण पाण्याला तोंड लावेना. त्यांनी घरून आणलेला स्वच्छ पाण्याचा टब पुढे केला, गोंजारलं, सफरचंद दाखवलं. घोडीने मान फिरवली.

"पाणी प्यायल्याशिवाय मी हिला सोडणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आत्या स्पंज पिळायची बादली ओतून द्यायला निघाली होती. घोडीचा नखरा कसला ते बघावं म्हणून ती क्षणभर थांबली, तेवढ्यात घोडीने मान लांब करून त्याच बादलीत तोंड घातलं. आत घाम, माती, केस, सगळं होतं. घोडी घटाघटा प्यायली.

"अहो, ते घाण पाणी आहे," चष्मेवाले कळवळून म्हणाले.

"पिऊ द्या. घामाचा खारटपणा आवडला असेल," डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी घोडीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि आत्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकायचंय?"

आत्याने नळ्या कानात घातल्या आणि डोळे मिटले.

"वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवतंय," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे आतडी चालू आहेत. ती गप्प झाली की मला घाम फुटतो."

पोट ठीक होतं, पण घोडीला दुडक्या चालीने नेऊन आणल्यावर डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा पळवायला लावलं. पुढचा एक पाय टेकताना घोडी मान किंचित वर उचलत होती, म्हणजे तो पाय दुखत होता. डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "इथेच थांबायचं."

चष्मेवाले उलट्या बादलीवर मटकन बसले. वर्षभराची मेहनत होती. आम्ही सगळे इकडेतिकडे बघू लागलो. आत्या मात्र ओल्या फडक्याने घोडीचा पाय गार करता करता म्हणाली, "तुम्हाला आधी जाणवलं होतं का हो?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चष्मेवाल्यांनी घोडीच्या खुराकडे बघितलं. मग म्हणाले, "चढावर जाणवलं. वाटलं, खडा बोचला असेल."

"मग खाली उतरून बघितलं नाही?"

"बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं."

डॉक्टरबाईंनी ते ऐकलं. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

घोडीला न्यायची गाडी येईपर्यंत आत्या आणि चष्मेवाले घोडीजवळच बसले. ती उभ्या उभ्या कशी झोपते, कान वेगवेगळ्या दिशांना का वळवते, असं आत्या विचारत होती. काही उत्तरं त्यांनाही येत नव्हती, मग दोघं डॉक्टरबाईंकडे जाऊन विचारून येत.

घोडीचा पाय विश्रांतीने बरा झाला. आत्या अधूनमधून तिच्या तबेल्यात जाते, खरारा करते. चष्मेवाल्यांनी एकदा आत्याला घोडीवर बसायचा आग्रह केला.

"नको. वरून काय दिसणार? नुसती मान," ती म्हणाली आणि घोडीच्या पोटाला कान लावून उभी राहिली.