इंजिन न उघडण्याची किंमत

दसऱ्याचा आदला दिवस, रक्कम दोन हजार तीनशे चाळीस रुपये, हजर माणसं पाच: माझे साडू, त्यांची लेक, शोरूममधला विक्रेता, काउंटरवरच्या बाई आणि हिशेबाला म्हणून बोलावलेला मी. लेकीच्या नव्या मोटरसायकलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

पण कोल्हापूर जिल्ह्यात नवी वस्तू सर्वांत लवकर जुनी करणारा माणूस म्हणजे आमचे साडू. गडमुडशिंगीतल्या त्यांच्या घरी आलेली कुठलीही वस्तू पहिल्याच रविवारी अंगणात पोत्यावर सुटी होऊन पडते. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, कुणालाच सूट नाही. "आत काय हाय ते बघितल्याबिगर तिच्यासंगं संसार कसा करायचा?" असं ते विचारतात. जोडल्यावर वस्तू चालते, हेही कबूल केलं पाहिजे. आमचा मिक्सर त्यांनी उघडल्यापासून जास्त जोरात फिरतो. फक्त झाकण दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं. प्रत्येक वेळी एकदोन स्क्रू उरतात. "कंपनीवालं जास्तीचं घालत्यात," म्हणून ते लोणच्याच्या बरणीत टाकतात. सध्या दुसरी बरणी चालू आहे.

मी हिशेब मांडला. दिवसाला साधारण तीन रुपये वीस पैसे. दुसऱ्या कुणालाही 'घ्या' म्हटलं असतं. साडूंना म्हटलं, "तुम्ही नका घेऊ. रविवारी तुम्ही इंजिन उघडणार, पैसे वाया."

"बाहेर उघडलं की वॉरंटी बाद, पावणं," विक्रेत्यानं दुजोरा दिला.

साडू लेकीकडे वळले. "ऐकलंस? मी असताना वॉरंटी कशाला पायजे?"

लेक जनावरांची डॉक्टर. सोमवारपासून तिची नोकरी चंदगडला, गोठ्यागोठ्यांतून फिरायची. ती म्हणाली, "पप्पा, तिकडं रानात गाडी बंद पडली, तर तुम्ही येईपर्यंत म्हस व्यायची थांबणार हाय व्हय?"

आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत. ते काउंटरपाशी गेले.

"उघडायचं न्हाय म्हंजे अजिबात न्हाय?" त्यांनी तिथल्या बाईंना विचारलं.

"अजिबात नाही, काका."

"चेनला त्याल घातलं तर चालतंय न्हवं?"

"घाला की."

मग त्यांनी वरच्या खिशातून नोटांची वेगळी घडी काढून बाईंना दिली. बाईंनी मोजली. बरोबर दोन हजार तीनशे चाळीस होते, घरूनच मोजून आणलेले. इंजिन उघडायची शेवटची आशा म्हणून, मी 'नको' म्हणावं, एवढ्यासाठीच त्यांनी मला बोलावलं असावं.