तबूकला न आलेलं जहाज

आदरणीय मुस्तारीसाहेबांची आणि माझी ओळख सौदीतल्या तबूकच्या एका बांधकाम कॅम्पात झाली. आज ते माजी गव्हर्नर. इंडोनेशियात गव्हर्नर निवडून येतात, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे. तेव्हा मात्र ते गोदामाचे कारकून होते आणि मी शटरिंगचा सुतार. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावं, असं त्यांच्या कन्येने कळवलं. बरं झालं, कारण ही गोष्ट अर्धी मराठीतच घडली.

त्यांच्याकडे खिळे मागायला गेलं की हात पुढे यायचा. "कासमभाई, पुराना दिखाओ." वाकडे खिळे ते स्वतः ठोकून सरळ करत आणि तेच परत देत. आम्ही चिडायचो, पण त्यांच्या गोदामात कधी काही कमी पडलं नाही.

मग आखाताची लढाई सुरू झाली आणि आठवड्यात कॅम्प ओस पडला. आम्हा दोघांचे पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आम्हाला कामावर आणणाऱ्या सौदी मालकाकडे, आणि कफील जेद्दाला. साठ माणसांच्या जेवणघरात आम्ही दोघंच समोरासमोर बसायचो. रेडिओ लावला की भीती वाटायची, बंद केला की त्याहून वाईट. त्यातच त्यांना घरून पत्र आलं होतं, आईची नजर जात चालली आहे. तिला दिसतंय तोवर त्यांना पोचायचं होतं.

एका सकाळी त्यांनी विचारलं, "कासमभाई, हम घर कैसे जायेगा?"

मी कपाळावर हात मारला. "कपाळ!"

ते उठलेच. "कापाल? सच?"

त्यांच्या भाषेत कापाल म्हणजे जहाज. मला ते ठाऊक होतं. माझे कान पहिल्यापासून तिखट, कॅम्पातल्या पाच भाषांतले शब्द मी उचलले होते. एका वाक्यात खुलासा झाला असता. मी म्हणालो, "देखेंगे."

तबूकहून समुद्र केवढा लांब, तरी त्यांनी ते विचारलं नाही. बॅग भरली आणि दोन दिवस बोलत राहिले. वडील लाकडी होड्या बांधायचे. नव्या होडीच्या पहिल्या फेरीला स्वतः बसायचे, बुडाली तर आपल्यासकट बुडावी म्हणून. आई जेट्टीवर भाजलेले मासे विकायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "जेवलास का?"

तिसऱ्या दिवशी दाढी करून, बॅग घेऊन ते समोर उभे राहिले. "कापाल कापान?" म्हणजे जहाज कधी?

तेव्हा सांगितलं. माझा शब्द नशिबाला रडायचा होता, जहाजाचा नव्हता.

त्यांनी बॅगेतून सदरा काढून पुन्हा खुंटीला लावला. "दो दिन क्यों नहीं बोला?"

"आप बात कर रहे थे. अच्छा लग रहा था."

ते आत गेले, दोन कप चहा घेऊन आले आणि पहिल्यांदाच समोर न बसता माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "दो दिन मैं अम्मा के पास था."

लढाई संपल्यावर ते घरी पोचले तेव्हा आईला दिसत नव्हतं. तिने आवाज ओळखला आणि विचारलं, "जेवलास का?"

पुढे ते गावचे प्रमुख झाले, मग जिल्ह्याचे, मग प्रांताचे. परदेशातून परतणाऱ्या मजुरांची बोट लागली की गव्हर्नरसाहेब जेट्टीवर उभे राहून आईचाच प्रश्न विचारत. नवीन फेरीबोट सुरू झाली की पहिल्या फेरीला स्वतः बसत.

मीही ठेकेदार झालो, पण त्यांच्याकडे कधी गेलो नाही. दर ईदेला फोन येतो. "कापाल कापान?" मी म्हणतो, "कपाळ," आणि दोघं हसतो. भाभी गेल्या, मुलं राजधानीत, घरात ते एकटे. यंदा त्यांनी तेच विचारलं, पण हसले नाहीत. माझं घरही आता तसंच आहे.

अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांचे डोळे शाबूत ठेवो. मी तिकीट काढलंय. शेवटचा टप्पा बोटीचाच आहे. हा मजकूर जो कोणी त्यांना त्यांच्या भाषेत सांगेल, त्याने एवढं जरूर सांगावं, की या खेपेला कासमभाईचं कापाल खरं आहे, आणि तो जेवून येणार नाही.