काकीचा उजवा हात

मोठी काकी भांडायची गुजरातीत आणि माया करायची मराठीत. चिकू न्यायला आलेला व्यापारी वजनात मारू लागला, की डहाणूच्या आमच्या वाडीत तिचं गुजराती असं कडाडायचं, की तो मुकाट्याने पाटी पुन्हा काट्यावर ठेवायचा. मग आम्हा पुतण्यांकडे वळून म्हणायची, "चला रे, घसा सुकला माझा, चहा टाकते."

महाराष्ट्र होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. काकीच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. मुंबईच्या इस्पितळात स्तन काढला, किरणांचे शेक दिले आणि "वाचले बाई!" म्हणत ती परत आली. पुढे उजवा हात सुजू लागला. कासाराला बोलावून बांगड्या वाढवाव्या लागल्या, पोलक्याची बाही उसवावी लागली. तरी पंगतीत डाव्या हाताने तिने कधी वाढलं नाही. पळी उजव्या हातात धरून कोपराला डाव्याचा टेकू द्यायची.

"ताई, मुंबईला दाखवा ना," असं आई म्हणाली की तिचं उत्तर ठरलेलं, "ह्यांनी विचारलंय मोठ्या डॉक्टरांना. ह्याला इलाज नाही." काकांच्या शब्दावर तिचा डोळे झाकून विश्वास. आमचाही.

काकीच्या मुलीचं, कुसुमचं लग्न झालं. त्यानंतर जवळच्या झाई गावी एका बारशात काकीला स्टेशनमास्तरांची बायको भेटली. तिचंही ऑपरेशन त्याच इस्पितळात झालेलं, हाताला पट्टी गुंडाळलेली. ती म्हणाली, "अहो, सूज दिसताच या, पट्टी बांधायला नि चोळायला शिकवू, असं सगळ्यांनाच सांगतात की! तुमच्या यजमानांना नाही सांगितलं?"

घरी येऊन काकीने माझ्यादेखत काकांना विचारलं. ते पंच्याची घडी करत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं होतं. पण सारख्या मुंबईच्या खेपा झाल्या असत्या, तर गावाने कारण विचारलं असतं. आईला असला रोग म्हटल्यावर कुसुमला कोणी करून घेतलं असतं?"

ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, ते काका हे बोलत होते. मला त्यांची किळस आली. आजही येते.

काकी मास्तरांच्या बायकोबरोबर मुंबईला जाऊन आली. हात एव्हाना कठीण झालेला. पट्टीने ठणका कमी होईल, सूज फारशी उतरायची नाही, असं तिथे सांगितलं. काका फाटकात उभे होते. "कुसुमसाठीच केलं गं मी," ते म्हणाले.

एवढी भांडखोर बाई, पण आवाज चढला नाही. "कुसुमसाठी मी स्वतःच तोंड मिटून हा हात वागवला असता हो. पण ते मला ठरवू द्यायचं होतंत."