पुढे पळालेली भेग

आमच्या टोळीत त्याला सगळे नख्या म्हणत. काँक्रीटची लादी सुकताना वाटेल तिथे फाटू नये म्हणून तिच्यात मशीनने सरळ रेघा कापाव्या लागतात. काँक्रीट कापायला तयार झालं की नाही, हे तो उजव्या अंगठ्याच्या नखाने बघायचा. ओणवं होऊन एक ओरखडा काढायचा. नखाला चिखल लागल्यासारखं लागलं तर थांबायचं. ओरखडा पांढरा उठला आणि कड तुटली नाही, तर मशीन लावायचं. घाईने कापलं तर रेघेच्या कडा ढासळतात. उशीर केला तर काँक्रीट आपलं आपण फाटतं, तुम्हाला विचारायला येत नाही. मधली वेळ ऊन-वाऱ्यावर ठरते, आणि ती साधायची तर लादीपाशी बसून राहावं लागतं. नख्या बसायचा. डबासुद्धा तिथेच खायचा.

राजधानीचा जुना विमानतळ आम्ही पाहिलेला होता. एक धावपट्टी, पत्र्याची लांबलचक शेड आणि कुंपणावर वाळत घातलेले आसपासच्या घरांतले कपडे. मग तिथे मोठी, परदेशांतली विमानं उतरवायचं ठरलं. नवी धावपट्टी झाली, काचेची इमारत उभी राहिली आणि विमानं उभी करायचं पटांगण वाढवायचं काम आमच्याकडे आलं. चौकोनी लाद्या, एकीला लागून दुसरी, जवळजवळ गुडघ्याएवढ्या जाड.

लादी ओतली, ती खरखरीत राहावी म्हणून वरून झाडू मारला, नख्याने रेघा कापल्या, की तिच्यावर गोणपाट यायचं. ते ओलं ठेवायचं काम नख्याच्या भावोजींचं, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याचं. हा माणूस कशालाही ‘सावकाश’ म्हणायचा, म्हणून नावच सावकाश पडलं. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, नळी उलगडणंही सावकाश. मुकादम म्हणायचा, हा पाणी मारतोय की लादीला अंघोळ घालतोय? पण त्याच्या हाताखालचं गोणपाट कधी कोरडं सापडल्याचं मला आठवत नाही. हळू काम वेगळं आणि कमी काम वेगळं. हे बघायला मात्र कोणाला सवड नसते.

नख्यानेच शब्द टाकून भावोजींना कामावर लावलं होतं. काम संपत आलं तसं कळलं, की विमानतळ सुरू झाल्यावर डागडुजीसाठी काही माणसं कायमची ठेवणार, त्यांना राहायला खोलीही देणार. नावं मुकादम सुचवणार होता आणि या दोघांचीही नावं त्याच्या तोंडात होती. नख्याच्या ताईने तर कुठल्या खिडकीला कसला पडदा, तेही ठरवून टाकलं.

त्यातच पहिलं मोठं विमान आलं. प्रवासी नव्हते, नुसती चाचणी. आम्ही पहाटे एक लादी ओतली होती. मुकादमच म्हणाला, जा रे, बघून या, त्याच्यासाठीच घालतोय ना हे पटांगण. सगळे मातीच्या ढिगाऱ्यावर चढले. नख्याने ओरखडा काढून पाहिला, अजून अवकाश आहे असं ठरवलं आणि तोही आला. ताजी लादी सोडून उठलेला नख्या मी तोवर पाहिला नव्हता. सावकाश तेवढे मागे राहिले. विमान काय, उद्याही येईल, म्हणाले आणि आधीच्या लाद्यांवर नळी धरून उभे राहिले.

विमान घिरट्याच घालत राहिलं. वारा सुटला, ऊन चढलं. शेवटी चाकं टेकली, धूर उठला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नख्याही पिटत होता. मग त्याचे हात थांबले आणि तो ढिगाऱ्यावरून घसरतच खाली पळाला.

पुढचं त्याने मला फार नंतर सांगितलं. नख लादीवरून नुसतं सरकलं, ओरखडा उठेचना, लादी केव्हाच घट्ट झाली होती. तरी त्याने मशीन लावलं. रेघ अर्ध्यावर आली आणि पात्याच्या पुढून एक केसाएवढी भेग निघाली, ती तिरकी पळत पार पलीकडच्या कडेला गेली. त्याने मशीन बंद केलं. टोळी अजून ढिगाऱ्यावर होती, भावोजी लांब, आधीच्या लाद्यांवर. पात्याखालून येणारा पांढुरका राडा त्याने बुटाने भेगेवर ओढला, वर गोणपाट पसरलं आणि भावोजींना पाण्यासाठी हाक मारली.

पुढे गोणपाट उचललं तेव्हा भेग सगळ्यांना दिसली. साहेब आले. त्यांनी मुकादमाला विचारलं आणि मुकादमाला उत्तर तिथल्या तिथे हवं होतं. भेग म्हणजे पाणी कमी पडलं, आणि पाणी म्हणजे सावकाश. नख्याची लादी फाटेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सावकाश एवढंच म्हणाले, की पाणी मी घातलंय. त्यावर कोणीतरी बोललं, घातलं असेल हो, पण पोचलं कधी? टोळी हसली. नख्या हसला नाही, बोललाही नाही.

सावकाशांना साच्याच्या लोखंडी प्लेटा घासायला बसवलं आणि कायमच्या माणसांतून त्यांचं नाव गेलं. लादी फोडून नवी घालायची होती. फोडायचं मशीन नख्याने मागून घेतलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्याचे तळवे सोलपटून निघाले. लोक म्हणायचे, भावोजींचं निस्तरतोय बिचारा. हे त्याच्या कानावर पडत होतं.

रविवारी तो ताईकडे जेवायला असायचा. त्या रविवारी वाढता वाढता ताईने नवऱ्याला धारेवर धरलं. माझ्या भावाने शब्द टाकून लावलेली नोकरी, तीही तुम्हाला राखता आली नाही. पोरं विचारतात, बाबांना कामावर का हसतात, त्यांना काय सांगू? त्याच्या शेजारी राहून काही शिकला असतात तर आज ही वेळ आली नसती. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. ताईने नख्याच्या ताटात आणखी वाढलं. तू खा रे, म्हणाली, किती वाळलास.

पुढचे रविवार त्याने काहीबाही सांगून टाळले. मग एक दिवस मुकादमापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. मुकादम वैतागला. साहेबांना सांगून मोकळा झालो, आता मीच तोंडघशी पडू का? बराच वेळ चरफडून म्हणाला, नाव त्यांचं घालीन, पण मग तुझं राहणार नाही. नख्या म्हणाला, नाही राहिलं तरी चालेल.

तिथून तो प्लेटांच्या ढिगाकडे गेला.

“भावोजी, लादी मी उशिरा कापली. तुमचं पाणी बरोबर होतं.”

सावकाशांनी तारेचा ब्रश खाली ठेवला.

“मला कशाला सांगतोस? पाणी मी घातलं, हे मला माहीतच आहे. तुझ्या बहिणीला सांग.”

रविवारी त्याने सांगितलं. भेग, राडा, गोणपाट, काही वगळलं नाही. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती भावावर ओरडली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो की,” सावकाश म्हणाले. “पहिल्याच दिवशी बोललो.”

तिने हातातल्या सदऱ्याची घडी दोनदा घातली-मोडली. मग भावाला म्हणाली, “तू आज जेवायला थांबू नकोस.”

त्याने चपला घातल्या आणि निघाला.

सावकाश विमानतळावर कायम झाले, खोली मिळाली. नख्या आमच्याबरोबर पुढच्या कामांवर आला, कुठे गोदामाची जमीन, कुठे रस्ता. लादी सोडून तो पुन्हा कधी उठला नाही, पण त्याचं कौतुक कोणी केलं की दुसरीकडे बघायचा. काही महिन्यांनी ताईनेच निरोप धाडून त्याला बोलावलं. तो जातो, जेवतो. भावोजी विमानांच्या गोष्टी सांगतात, त्याला पाणी देतात.

ताई मात्र तेव्हापासून नवऱ्याला कशावरूनही टाकून बोलत नाही. बाहेर निघायला उशीर झाला आणि हे अजून बटणं लावतायत, तरी ती भिंतीशी गप्प उभी राहते. सावकाश म्हणतात, अगं, चला म्हण की, पूर्वीसारखं ओरड की जरा. ती म्हणते, होऊ द्या तुमचं. नख्या समोर बसलेला असतो.