वाळूला खळ

नदी आपल्या हातानं बनवायची म्हटल्यावर माणसाला काय आनंद होतो, ते मला विचारा! पहिले काही दिवस तर माझं जेवणाखाण्याकडे लक्षच नव्हतं. नाशिकच्या बाहेर, पाटाच्या कडेला विद्यापीठानं पत्र्याची एक लांबलचक शेड उभी केली होती, तीच आमची पाण्याची प्रयोगशाळा. अर्ध्या शेडमध्ये सिमेंटचे हौद, नळ आणि झडपा, आणि उरलेल्या अर्ध्यात हवेच्या दाबाचा पंप. तो सुरू झाला की शेजारच्या मळ्यातले बैल दावं तोडायला बघत. आमचे सर तिथले मुख्य आणि मी नुकताच पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागलेला. तीसचं दशक निम्मं सरलं होतं. मी तापट होतो, बोलायला फटकळ होतो, आणि जगातल्या सगळ्या नद्या आपल्याला वळवता येतील अशी माझी पक्की खात्री होती.

काम आलं तेही असं जिवंत! शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या वळणावर विणकरांची एक वाडी होती. सगळी मुसलमानांची घरं, घरटी एक माग. दर पावसाळ्यात नदी तिथला काठ खायची आणि आता ती अंगणांना येऊन भिडली होती. सरकारपुढे दोन मार्ग होते. एक, वाडी उठवून लांब माळावर न्यायची, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, मग सूत धुवायचं कशात? दुसरा, वळणाच्या अलीकडे नदीत दगडी धक्का घालायचा, म्हणजे पाण्याचा लोट पलीकडच्या खडकाकडे ढकलला जाईल. धक्क्याची परीक्षा आधी आमच्या हौदात व्हायची होती. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी सरांना स्पष्ट बजावलं होतं, “तुमच्या हौदातल्या नदीत एकही राहतं घर पडलं नाही, तर धक्का मंजूर. एक जरी पडलं, तर वाडी उठेल. मला वर जाब द्यावा लागतो.”

मग काय, आम्ही कंबर कसली. नदीतूनच वाळू आणली, चाळली, आणि मोजमाप घेऊन हौदात हुबेहूब वळण रचलं. सुतारानं घरांचे लाकडी ठोकळे करून दिले. पूर कुठपर्यंत चढतो हे सांगायला वाडीतले सगळ्यांत वयस्कर विणकर आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. वाडीचा कारभार तेच बघत. एका दिवसाच्या कामासाठी आलेले चाचा मग रोजच येऊ लागले. त्यांचं स्वतःचं घर अगदी टोकाला, काठावर. आपला ठोकळा उचलून त्यांनी चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाले, “बेटा, दार उलटं काढलं की रे. मी काय नदीतनं घरात शिरू?”

सुताराला हसता हसता ठसका लागला. मी दार पुसून दुसऱ्या बाजूला काढून दिलं.

पहिल्यांदा धक्क्याशिवाय पाणी सोडलं, तो क्षण मी कधी विसरणार नाही. झडप फिरवली आणि आमची नदी चालू लागली! खरी नदी जशी वळणावर अंग घासते, तशीच ही घासत होती. मी लहान पोरासारखा ओरडलो. आणि मग काठ ढासळला. ठोकळे एकामागून एक पाण्यात गेले. चाचांचा तर सगळ्यात आधी. मी अजून आनंदानं नाचतच होतो, “बरोब्बर! अगदी खऱ्यासारखं!” म्हणत होतो. चाचांच्या तोंडून “या अल्ला” एवढंच आलं, तेव्हा कुठे माझं तोंड बंद झालं.

पुढे आम्ही धक्का घालून बघायला लागलो. दगडांचा एवढासा धक्का, पण तंत्र काय त्याचं! जरा वरच्या अंगाला सरकवला की काही उपयोगच होत नसे. खाली आणला की पाणी उसळून थेट वाडीच्या मध्यावर आदळे. अशी जागा हुडकता हुडकता सरांचा आणि माझा रोज खटका उडे. शेवटी एक जागा अशी सापडली की तिथे धक्का ठेवला आणि पाण्यानं मुकाट मान वळवली. सगळी वाडी जागच्या जागी! टोकाचं घरसुद्धा! एरवी सरांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे, पण त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचाच चष्मा हौदात पडला. मी गावातून जिलबी आणली. चाचांनी पहिला घास माझ्या तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडलं, तरी वाडी उभी. तिसऱ्या दिवशीही तेच. सरांनी साहेबांना निरोप धाडला.

साहेब यायचे त्या सकाळी मी लवकर जाऊन झाडलोट करायला घेतली. आदल्या संध्याकाळी आम्ही नवी वाळू रचून ठेवली होती. तिच्यावर रात्रीत पाचोळा पडला होता, म्हणून मी पंप सुरू केला आणि हवेची नळी धरून तो अलगद उडवू लागलो. पाचोळ्याबरोबर थोडी वाळूही उडत होती, ते चालायचंच. ठोकळ्यांच्या वाडीजवळ आलो आणि बघतो तर तिथली वाळू उडेचना. नळी आणखी जवळ नेली, तरी कणही हलेना. मी नखानं टोकरलं, तर तांदळाच्या पापडीसारखा पापुद्रा निघाला. वास घेतला. आंबूस.

आंबलेल्या पेजेचा तो वास ओळखीचा होता. चाचांच्या कपड्यांना रोज तोच यायचा. ताण्याचं सूत बळकट व्हावं म्हणून विणकर त्याला तांदळाची पातळ खळ लावतात, ती ही खळ! पाण्यात बराच वेळ भिजली की ती मऊ पडे, म्हणून वाळू उपसताना आम्हाला कधी कळलीच नव्हती. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात चाचा हसतमुखानं दारात हजर. मी तिथूनच ओरडलो, “चाचा, वाळूला खळ कोणी घातली?”

“मी घातली,” चाचा सरळ म्हणाले. “तुमी सांजला घरला गेला की रोज घालतो. वाडीखाली सगळीकडं. धागा तुटू नये म्हून घालतोच की. म्हटलं, घर बी तुटू नये. काय बिघडलं?”

“काय बिघडलं? अहो, खऱ्या काठाला घालणार आहात का खळ? किती हंडे लागतील, सांगा ना!”

चाचा खरंच विचारात पडले. “लय लागतील,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी ते उभं राहिलं, ते खोटं?”

सर आले होते आणि सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता शेड डोक्यावर घेतील. पण त्यांनी फक्त कोट काढून खुंटीला लावला. “खोटं की खरं ते आपल्याला माहीतच नाही,” ते म्हणाले. “सगळी वाळू काढा. नवी घाला. साहेबांसमोर जे होईल ते होईल.”

“आणि पडली वाडी तर?” मी विचारलं.

“तर ती आजच पडू दे, ठोकळ्यांची. त्यात कोणी झोपलेलं नाही.”

मग काय धांदल उडाली म्हणता! मी आणि सुतार घमेली भरभरून वाळू ओतत होतो, सर स्वतः गुडघ्यावर बसून फळीनं काठ साधत होते. आणि चाचा? त्यांनी डोईवर टोपली घेतली आणि निम्मी वाळू त्यांनीच वाहिली. मी म्हटलं, “तुम्ही बसा.” तर म्हणाले, “माज्या पाई झालं, मीच निस्तरीन.” साहेबांच्या मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा सर शेवटचा ठोकळा बसवत होते, तो चाचांचा.

साहेब घाईत होते. “सोडा पाणी,” एवढंच म्हणाले. मी झडप फिरवली. खरं सांगू, भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. पाणी वळणाशी आलं, धक्क्यावर आपटलं, फेसाळलं आणि वळलं! खळीशिवाय! मी पाणी वाढवत गेलो. पुराची खूण आली, वाडी उभी. खुणेच्या वर गेलं, तरी वाडी उभी! सरांनी मुठी आवळल्या होत्या. मी मनात म्हणत होतो, राहा, राहा, राहा. आणि तेव्हा टोकाची वाळू हळूच घसरली. चाचांचा ठोकळा कलला, जरा थांबला आणि पाण्यात गेला. बाकी एकही घर हललं नाही.

झडप बंद केली. साहेबांनी हातातली छडी त्या रिकाम्या जागेवर ठेवली. “एक पडलं,” ते म्हणाले. “हे कोणाचं घर?”

सरांनी बोलायला तोंड उघडलं, पण चाचा आधी पुढे झाले. “ते व्हय? ते पडीक हाय, साहेब. कोन राहत नाय तिथं. लय दिस झाले.”

“नक्की?”

“वाडीत मी जन्माला आलो, साहेब. मला ठाव नसंल तर कुणाला?”

साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढून तो पुसायला घेतला. “वाडीची माहिती यांनाच,” ते म्हणाले. मी नळी गुंडाळत होतो, ती गुंडाळतच राहिलो. आजही तसंच करीन.

“मग राहतं घर एकही पडलं नाही,” साहेब म्हणाले. “धक्का मंजूर.”

बाहेर वाडीतली माणसं जमली होती. बातमी कळल्यावर त्यांनी असा गलका केला की मळ्यातले बैल पुन्हा बिथरले. कोणी सरांच्या गळ्यात पडलं, कोणी सुताराला उचललं. मी मात्र चाचांना गाठून बाजूला ओढलं. माझा आवाज चढलाच, “चाचा, अहो, तुमचं घर आहे ते!”

“हळू बोल, बेटा. मोटार अजून हितंच हाय,” ते म्हणाले. “चल, माग सोडवायला हात लाव. पावसाच्या आत हलवाया पायजे.”

मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या पडीक घरात चाची चुलीपुढे भाकरी थापत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी एक भाकरी जास्तीची टाकली.