स्टेमवरच्या चार पिवळ्या रेघा

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेताचा विषय निघाला की मुलांची टर उडवणारी पहिली मीच. त्यामुळे हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले...

आम्ही पुनावळ्याला राहतो. माझे मिस्टर, सुनील, चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होते. तिथली पद्धत अशी — बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्यावरून शेजारच्या भागापर्यंत पिवळ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही सवय त्यांनी घरीही आणली. पंखा, कुकरचं हँडल, सगळीकडे रेघा! सगळ्यात जास्त त्यांच्या ग्रॅव्हल बाइकवर. ॲल्युमिनियमची सायकल, हायवेला पळते आणि कच्च्या रस्त्यालाही कुरकुरत नाही. जीव होता त्यांचा तिच्यावर.

दोन वर्षांपूर्वी ते हार्ट ॲटॅकने गेले. सायकल काही मला विकवेना. शेवटी ठरवलं, आपणच चालवायची. माझ्या उंचीला जमेल असा नवा स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा भाग, दुकानात बसवून घेतला. त्याचे चार बोल्टही नवे, काळे. मुलगी तन्वी नको नको म्हणत होती. "आई, तुला काही झालं तर मला कोण आहे गं?"

रविवारी सकाळी मी आणि माझे दीर गणेशभाऊ राजगुरुनगरच्या बाजूला निघालो. निघताना मी स्वतः सायकलवर फडकं मारलं. ते बोल्ट कोरे होते, हे मी शपथेवर सांगते. टेकडीच्या माथ्यापर्यंत वाटेत कुठे थांबलोही नाही.

डांबरी रस्ता संपला, दगडगोट्यांतून हादरत टेकडी चढलो. वर थांबून पाणी प्यायलो. पुढे सरळ उतार. मी पेडलवर पाय ठेवला, तेवढ्यात गणेशभाऊ ओरडले, "वहिनी, थांबा! दादाच्या रेघा तुटल्यात बघा!"

"कुठल्या रेघा? बोल्ट नवे आहेत, भाऊ."

खाली बघितलं... चारही बोल्टांवर पिवळ्या रेघा. दोन सरळ, दोन तुटलेल्या. हँडल धरलं तर लटलट हललं. त्या उतारावर ते हातात आलं असतं.

भाऊंनी ॲलन कीने, म्हणजे षटकोनी पान्याने, बोल्ट आवळले. रेघा जुळल्या. मी बोट लावलं, तर रंग बोटाला लागला. ओला होता!

"म्या न्हाई वो केलं, आईशप्पथ," म्हणत भाऊंनी दोन्ही कोरे तळवे माझ्यापुढे धरले. मी तिथेच, भर उन्हात, हमसून हमसून रडले.

दुकानात विचारलं, तर ते रेघा मारतच नाहीत. सुनीलचा मार्कर कपाटातल्या त्यांच्या बॅगेत सापडला, पार वाळलेला. कागदावर उमटेचना.

आता तन्वीच मला निघण्याआधी रेघा बघायला लावते. परवा गणेशभाऊ म्हणाले, "वहिनी, नवा मार्कर आणू का? जुन्या रेघा पुसट झाल्यात."

मी नको म्हटलं. ते काम त्यांचं आहे.